मस्टरवर नाव

३० जानेवारी २०२४, मंगळवार. सकाळी साडेदहाला मला खालच्या मजल्यावरच्या छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. आत गेले तर आमच्या विभागप्रमुखांच्या शेजारी एचआरच्या बाई बसलेल्या आणि टेबलावर दोन पाकिटं. पाकिटं बघूनच काय ते समजलं. दोन महिने कुजबुज चालूच होती. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवायचो आणि ऑर्डरी आटत चालल्या होत्या. जर्मनीच्या दक्षिणेला, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, अशा कारखान्यांचा मोठा पट्टा आहे. त्यातल्या एका कंपनीत मी सहा वर्षं गुणवत्ता विभागात होते.

पहिल्या पाकिटात एक करार होता. दोघांच्या संमतीने नोकरी संपवायची आणि त्याबदल्यात थोडी जास्त रक्कम घ्यायची. "आज संध्याकाळपर्यंत सही केलीत तर," असं बाई म्हणाल्या. दुसऱ्या पाकिटात सरळ कामावरून कमी केल्याचं पत्र. इथे हे पत्र कागदावरच द्यावं लागतं, खाली शाईची सही लागते. ईमेलने कळवलं तर कायद्याच्या दृष्टीने ते कळवणंच नव्हे. माझ्या बाजूला बेट्रीब्सराटचे, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाचे, एक सदस्य बसले होते. तुर्कस्तानातून आलेल्या कामगाराचा मुलगा, पंचावन्नच्या पुढचे, सगळी हयात त्याच कारखान्यात गेलेली. मी पेन उचललं तसा त्यांनी पहिल्या कागदावर तळहात ठेवला. "आज कशावरही सही नाही."

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. आपण होऊन नोकरी सोडली किंवा अशा करारावर सही केली, तर बेकारभत्ता बारा आठवडे अडवला जाऊ शकतो. दर वेळी अडवतात असं नाही, पण वकिलाला दाखवल्याशिवाय त्या कागदाला हात लावू नकोस. आणि दुसरी गोष्ट: "आज मंगळवार. शुक्रवार उलटायच्या आत तुझं नाव तिकडे लागलं पाहिजे."

तिकडे म्हणजे आर्बाइट्सआगेन्टूरमध्ये, सरकारी रोजगार कार्यालयात. इथली जुनी माणसं अजून त्याला 'आर्बाइट्सआम्ट' याच नावाने ओळखतात. नोकरी संपायच्या किमान तीन महिने आधी 'मी काम शोधते आहे' अशी नोंद करावी लागते. तेवढा अवधी नसेल, तर नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता जातो. माझी सहा वर्षं झालेली, म्हणून नोटिशीचा काळ दोन महिने, नोकरीचा शेवटचा दिवस ३१ मार्च. म्हणजे मला तीनच दिवस होते.

त्या रात्री मुलगी झोपल्यावर मी आणि नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलो. नोंद करायला दहा मिनिटं लागली. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मनाला मात्र त्या दहा मिनिटांनी आधार दिला, कारण त्या दिवसात माझ्या हाताने झालेली तेवढी एकच गोष्ट होती. तासगावला आई-अण्णांना काही कळवलं नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर "काम कसं चाललंय?" असं आई विचारायची आणि मी "बरं चाललंय" म्हणायची. हे पुढे आठ महिने चाललं.

बऱ्याच जणांची गल्लत इथे होते म्हणून सांगते: नोंदी दोन असतात. काम शोधत असल्याची नोंद वेगळी आणि बेकार झाल्याची नोंद वेगळी. दुसरी नोंद बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे. ओळखपत्राची डिजिटल सोय चालू असेल तर ती घरूनही करता येते. माझा बेकारीचा पहिला दिवस १ एप्रिल, ईस्टरचा सोमवार, सार्वजनिक सुट्टी. मी थांबले नाही. मार्चच्या मध्यावर पासपोर्ट आणि वास्तव्याचं कार्ड घेऊन कार्यालयात गेले आणि समोर उभं राहून नोंद केली. आमच्या कंपनीतला एकजण पहिली नोंद करून निर्धास्त राहिला. ईस्टरनंतर तो कार्यालयात गेला तोवर त्याचे भत्त्याचे काही दिवस बुडाले होते.

माझं प्रकरण ज्या बाईंकडे आलं त्यांच्याशी पहिली भेट फेब्रुवारीच्या शेवटी झाली होती. जाताना पोटात गोळा होता. का काढलं, काय चुकलं, असं विचारतील म्हणून उत्तरं पाठ करून गेले होते. जर्मनमधून, दोनदा आरशासमोर म्हणून. बाईंनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी संगणकावर माझं पान उघडलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "सांगा, तुम्हाला काय काय येतं?"

पाऊण तास आम्ही तेवढंच करत होतो. मी सांगत होते, त्या लिहीत होत्या. मोजमापाची कोणती यंत्रं हाताळली, पुरवठादारांच्या कारखान्यात जाऊन तपासणी केली का, मराठी-हिंदी-इंग्रजी कितपत, जर्मन कितपत, गाडी चालवता येते का, मुलगी शाळेतून किती वाजता येते, किती लांबच्या नोकरीला जाऊ शकाल. गेल्या सहा वर्षांत माझ्या साहेबांनी मला एकदाही असं बसवून हे विचारलं नव्हतं. शेवटी मी चाचरत म्हटलं की पैसे मिळतील ना, मला सरकारवर भार व्हायचं नाही. त्या थांबल्या आणि एकच शब्द म्हणाल्या: "अनश्प्रुख." हक्क. मग माझी जुनी पगाराची पावती मागितली आणि तिच्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'एव्ही'. बेकारी विमा. पगाराच्या १.३ टक्के माझे, तेवढेच कंपनीचे, मिळून २.६. सहा वर्षं दर महिन्याला कापले जात होते आणि ती ओळ मी कधी नीट वाचली नव्हती.

विमा १९२७ सालापासूनचा आहे. हिशेब असा: गेल्या तीस महिन्यांत किमान बारा महिने हप्ता भरलेला असला पाहिजे. दोन वर्षं भरला असेल तर एक वर्ष भत्ता. पन्नाशीनंतर ही मुदत वाढत जाते, अठ्ठावन्नाव्या वर्षी दोन वर्षांपर्यंत पोचते. हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, आणि पदरी मूल असेल तर ६७ टक्के. आजारपणाचा विमाही तेवढा काळ तेच कार्यालय भरतं. बँकेत किती शिल्लक आहे, नवरा किती कमावतो, हे या भत्त्यासाठी कोणी विचारत नाही.

नवऱ्याच्या पगारावरून मात्र मला फटका बसला, आणि तो दुसऱ्या दाराने. ही गोष्ट मी भेटेल त्या प्रत्येक मराठी बाईला सांगते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

जर्मनीत लग्न झालेल्या जोडप्यांना टॅक्स क्लास निवडता येतो. ज्याचा पगार जास्त त्याला तिसरा, ज्याचा कमी त्याला पाचवा, असं केलं की दर महिन्याला घरात थोडे जास्त पैसे येतात. नवऱ्याचा पगार जास्त, त्यामुळे त्याला तिसरा आणि मला पाचवा. लग्नानंतर कोणीतरी सुचवलं, आम्ही फॉर्म भरला आणि विसरून गेलो. पाचव्या क्लासात कर भरमसाट कापला जातो, हातात येणारा पगार लहान दिसतो. वर्षअखेरीला दोघांचा मिळून हिशेब होतो तेव्हा फरक निघून जातो, म्हणून कधी बोचलं नाही. पण बेकारभत्ता त्या लहान दिसणाऱ्या आकड्यावरच ठरतो. दोघांनाही सारखाच असा चौथा क्लास असता तर मला महिन्याला सुमारे ४०० युरो जास्त मिळाले असते. मी विचारलं, आता बदलू का? तर हक्क ज्या वर्षी सुरू होतो त्या वर्षाच्या सुरुवातीला जो क्लास असेल तोच धरतात, आणि आम्हा दोघांच्या पगारातलं अंतर बघता मागाहून केलेला बदल मोजला जाणार नाही, असं बाईंनी तक्ता दाखवून सांगितलं. नोटीस ३० जानेवारीला मिळाली होती. डिसेंबरात बदल केला असता तर निभावलं असतं.

विम्याचा हप्ता आम्ही दोघं आपापल्या पूर्ण पगारावर भरत होतो. हप्ता पूर्ण पगारावर आणि भत्ता कापलेल्या पगारावर. पाचव्या क्लासात बहुतेक बायकाच असतात, आणि ज्या बाईची नोकरी जाते तिलाच हा नियम आणखी खाली ढकलतो. मला हे आजही पटत नाही. दोघांच्या पगारात थोडाफारच फरक असेल तर आजच चौथा-चौथा करून घ्या.

आता दुसरी बाजू. भत्ता हक्काचा असला तरी बसून मिळत नाही. २००२ साली फोक्सवॅगनचे कर्मचारीविषयक संचालक पेटर हार्ट्झ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. पुढे चान्सलर श्रोडर यांच्या सरकारने तिच्या शिफारशींवरून सगळी व्यवस्था उलटीपालटी केली. २००५च्या सुरुवातीला इथे बेकारांची नोंद पन्नास लाखांच्या वर गेली होती. तेव्हापासून दोन शब्द जोडीने येतात: 'फ्योर्डर्न' आणि 'फोर्डर्न'. हात द्यायचा, आणि मागायचंही. माझ्या बाबतीत मागणं काय होतं, तर महिन्याला ठरलेले अर्ज करायचे आणि त्यांची नोंद ठेवायची, बोलावलं की जायचं, कार्यालयाने जागा सुचवली की तिथे अर्ज करायचाच, आणि टपाल रोज बघायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सुचवलेल्या जागेचं पत्र आलं की त्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कारण नसताना अर्ज केला नाही तर भत्ता किती आठवडे थांबेल. मी सकाळी अकराला टपालपेटी उघडायची आणि त्या पांढऱ्या पाकिटाच्या खिडकीतून आपलं नाव दिसलं की छातीत धस्स व्हायचं. बहुतेक वेळा आत साधी पोचपावती असायची. तरी आठ महिन्यांत ते धस्स होणं गेलं नाही.

एप्रिलमध्ये बाईंनी मला एक व्हाउचर दिलं, अर्ज कसे करायचे ते शिकवणाऱ्या मार्गदर्शकाकडे जाण्यासाठी. मला वाटलं होतं, सहा वर्षांच्या अनुभवी इंजिनिअरला हे कशाला? पण त्या गृहस्थांनी पहिल्या तासातच माझी अडचण शोधून काढली. कुठल्याशा कंपनीत आयुष्यभर माणसं नेमण्याचं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी माझं आर्बाइट्सत्सॉइग्निस मागितलं, म्हणजे जुन्या कंपनीने दिलेलं कामाचं प्रशस्तिपत्र. मला ते छान वाटलं होतं: 'यांनी आपली कामं आमच्या पूर्ण समाधानाने पार पाडली.' त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिलीने त्या वाक्याखाली रेघ मारली. "यात 'श्टेट्स' कुठे आहे?"

श्टेट्स म्हणजे सदैव. इथे प्रशस्तिपत्रात वाईट लिहायला बंदी आहे, म्हणून कंपन्यांनी आपली एक गुप्त लिपी करून ठेवलेली आहे. 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानाने' म्हणजे पहिला वर्ग. 'सदैव आमच्या पूर्ण समाधानाने' म्हणजे दुसरा. 'सदैव' गळलं की तिसरा. 'पूर्ण'ही गळलं तर पास झालात एवढंच. ज्या माणसाला मी कधी भेटणार नव्हते तो हे वाक्य वाचत होता आणि माझा अर्ज बाजूला ठेवत होता, आणि मी घरी बसून आपल्या जर्मनला दोष देत होते. मी कंपनीला पत्र लिहिलं, आधीच्या वर्षीच्या कामाच्या मूल्यमापनाची प्रत जोडली आणि दुरुस्ती मागितली. तीन आठवड्यांनी नवं प्रशस्तिपत्र आलं. एक शब्द वाढलेला होता. त्यानंतरच्या महिन्यात मला दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. याआधीच्या तीन महिन्यांत एकही नव्हतं.

मेच्या मध्यापासून चार महिने मी वर्गात होते. त्यासाठीचा कागद म्हणजे बिल्डुंग्सगुटशाइन, शिक्षणाचं व्हाउचर. अभ्यासक्रमाची पूर्ण फी कार्यालय भरतं, भत्ता चालू राहतो, आणि शिकण्याच्या दोन दिवसांना भत्त्याचा एकच दिवस खर्ची पडतो. हे मागावं लागतं आणि पटवावं लागतं. मी दहा जाहिराती छापून नेल्या होत्या. प्रत्येकीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि आकडेवारीचं विश्लेषण मागितलेलं, त्यावर पिवळी खूण केलेली. बाईंनी त्या चाळल्या आणि म्हणाल्या, "हे तुम्ही माझं काम सोपं केलंत." संस्था आपली आपण निवडायची असते. मी निवडलेल्या संस्थेत पाचव्या आठवड्यात शिकवणारे सोडून गेले आणि दोन आठवडे आम्हाला नुसते व्हिडिओ लावून दिले. सरकार प्रत्येकामागे चांगली रक्कम मोजत होतं आणि आम्ही आयुष्यातले मोजके महिने. आम्ही सात जणांनी मिळून लेखी तक्रार केली तेव्हा नवीन शिक्षिका आल्या, आणि त्या फार मनापासून शिकवायच्या.

त्या वर्गात मला युरोप कळला. चौदा जण होतो. अठ्ठावन्न वर्षांचे एक छपाई यंत्राचे कारागीर. त्यांच्याकडे दोन वर्षांचा भत्ता होता आणि तरी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. एक युक्रेनची गणिताची शिक्षिका, जिचा इथल्या विम्याशी संबंध नव्हता. ती दुसऱ्या खिडकीवरची होती: ब्युर्गरगेल्ड, म्हणजे जगण्यापुरता आधार, २०२४ मध्ये एकट्या माणसाला महिन्याला ५६३ युरो, घरभाडं आणि हीटिंगचा खर्च वेगळा. तिथे मात्र बँकेतली शिल्लक, घरातली माणसं, सगळं विचारतात. आम्ही एकाच बाकावर बसून तेच शिकत होतो, पण ती कार्यालयातून आली की गप्प असायची आणि मी आले की बोलत असायचे. हक्काचे पैसे आणि गरजेचे पैसे यांत माणसाच्या मानेचा कोन बदलतो, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

आणि एक स्पेनचा मुलगा. मुलगा म्हणायचं, पस्तिशीचा होता. २०१३ साली तो तिकडून निघाला. तेव्हा स्पेनमध्ये काम करू पाहणाऱ्या पंचविशीच्या आतल्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार होते. त्याच वर्षी युरोपीय संघाने 'युवा हमी' ठरवली: शिक्षण संपल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत प्रत्येक तरुणाला नोकरी, शिक्षण किंवा उमेदवारी यांपैकी काहीतरी देऊ करायचं. तो म्हणायचा, हमीचा कागद आला तोवर आमच्या गल्लीतली निम्मी पोरं विमानात बसली होती. हमी द्यायला कार्यालयात माणसं लागतात आणि त्या वेळी तिथे माणसंच कमी होती. जर्मनीत त्याला समोर बसवून विचारणारं कोणी होतं, एवढा फरक त्याला पुरेसा वाटला.

कोर्स संपल्यावर त्याने जे केलं त्याचा मला हेवा वाटला. 'यू-२' नावाचा एक कागद असतो. तो घेतला की जर्मनीचा भत्ता तीन महिने चालू ठेवून दुसऱ्या युरोपीय देशात जाऊन काम शोधता येतं. तिथे पोचल्यावर सात दिवसांत तिथल्या कार्यालयात नाव नोंदवायचं. तो नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला गेला. मी तोच हप्ता भरला होता, तेवढीच वर्षं. पण माझा पासपोर्ट भारताचा आणि माझा कायमच्या वास्तव्याचा परवाना जर्मनीपुरता. पलीकडे काम करायचा अधिकारच नाही, तर शोधायला जाऊन काय करणार?

तरी माझं बरं म्हणायचं. नाशिकचा एक मुलगा आमच्याच कंपनीत होता, मला ताई म्हणायचा. त्याला येऊन जेमतेम दहा महिने झाले होते आणि तो ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांना नोकरीसाठी मिळणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यावर. बारा महिने भरले नाहीत म्हणून भत्ता नाही. नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचं, आणि मग साधारण तीन महिन्यांत नवीन नोकरी शोधायची, नाहीतर परत. त्याच्या पावतीवरही तीच 'एव्ही'ची ओळ होती. दहा महिने त्याने हप्ता भरला आणि अडचणीत त्यातला एक युरोही त्याच्या हाती आला नाही. कुशल माणसं हवीत म्हणून जो देश जगभर जाहिराती करतो, त्याने या मुलांचा विचार करायला हवा. रोज रात्री त्याचा फोन यायचा आणि मी त्याच्याबरोबर जाहिराती वाचत बसायची. अडीच महिन्यांनी त्याला ब्राउनश्वाइगला जागा मिळाली. त्या दिवशी मी घरात शिरा केला.

डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला माझी कॉलेजची मैत्रीण आहे, तिच्याशी या काळात फार बोलले. तिकडे सगळं वेगळं. काढणं सोपं, नोटीस बहुधा छोटी, पण विम्याचा भत्ता आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, वरती एक मर्यादा, आणि दोन वर्षं. मात्र तो विमा ऐच्छिक आहे. ए-कासे नावाच्या संस्थेचं सभासद आपण होऊन व्हावं लागतं. तिच्या ओळखीचा एकजण सभासद झाला नव्हता आणि नोकरी गेल्यावर हात हलवत राहिला. ती म्हणाली, "इथे नोकरी जाणं म्हणजे बस बदलणं. थांब्यावर थोडं उभं राहायचं." मला ते खूप आवडलं, पण मी जर्मनीत सहा वर्षं एकाच बसमध्ये बसले होते. आमच्याकडे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे शेजारी अजून बघतात.

सप्टेंबरच्या शेवटी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं. भत्ता घेत असताना गाव सोडायचं तर आधी परवानगी लागते, वर्षाला जास्तीत जास्त एकवीस दिवस. कारण तेवढे दिवस आपण कामाला लगेच हजर होऊ शकत नाही. मी बाईंना पोर्टलवर लिहिलं, दुसऱ्या दिवशी होकार आला आणि खाली एक ओळ: आईंना लवकर बरं वाटू दे.

मिरजेच्या हॉस्पिटलात रात्री आई झोपल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर मी अण्णांना सगळं सांगितलं. नोकरी गेली, जानेवारीत पत्र आलं, सरकार पैसे देतंय. सांगताना माझी नजर खाली होती. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "नाव लावलंस का वेळेत?" म्हटलं, तीन दिवसांत. "आन् बोलावलं की जातीस?" जाते. "मग हे मस्टरच झालं की."

बहात्तरच्या दुष्काळात अण्णा बारा वर्षांचे होते. आज्जी आणि आजोबा खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची, अण्णा ती आणायला जायचे. आमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, त्यांनी आधी विसापुरात करून पाहिलेली रोजगार हमी पुढे सगळ्या राज्याची झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. मी पुण्यात दोन वर्षं नोकरी केली तेव्हा माझ्या पावतीवर महिन्याला २०० रुपयांची ती ओळ होती. तीही मी कधी वाचली नव्हती. अण्णा सांगत होते, मस्टरवर नाव असलं की आज्जीचा आवाज बदलायचा. मुकादमाला ती म्हणायची, माझं नाव वाच, मी हाय हितं. तिला लिहिता येत नव्हतं, पण मस्टरवर आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते माहीत असायचं.

"आईला सांगू का?" मी विचारलं. "सकाळी सांग," अण्णा म्हणाले. "तिला ठावं हाय काहीतरी झालंय ते. रविवारी तू फोनवर लई हसतीस."

ऑक्टोबरच्या मध्याला परत आले. आल्याच्या आठवड्यात पोर्टलवर 'परतले' असं कळवलं. नोव्हेंबरात एका वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कंपनीने दुसऱ्यांदा मुलाखतीला बोलावलं. कोर्समध्ये केलेला आलेख मी त्यांच्याच उत्पादनातल्या दोषांच्या आकड्यांवर बसवून दाखवला. १ डिसेंबरपासून रुजू झाले. पगार आधीपेक्षा २०० युरोंनी कमी, जायला सव्वा तास. बाईंना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलगी शाळेतून येते तेव्हा घरी कोण असतं?" फेब्रुवारीत सांगितलेलं त्यांना आठवत होतं, की पानावर लिहून ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही.

पहिली पावती आली तेव्हा सगळ्यात आधी ती ओळ शोधली. ४,५०० युरोंवर ५८ युरो ५० सेंट. टॅक्स क्लासच्या रकान्यात आता चार आहे.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला एका ओळखीच्या वहिनींचा फोन आला. आवाज बसलेला. नवऱ्याला कंपनीने पत्र दिलंय, काही सुचत नाही, तो तर बोलतच नाही म्हणाल्या. मी विचारलं, "वहिनी, पत्र हातात कधी मिळालं?" परवा. "कशावर सही केलीय का?" नाही. मग त्यांना सांगितलं, फोन चालूच ठेवा, लॅपटॉप आणा आणि त्यांना शेजारी बसवा.